मशीन ओढत नाही

आमच्या ह्यांचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय. बाकी सगळी गल्ली त्यांना ‘होतंय’ म्हणते. कुणीही, कुठेही विचारलं की ‘झाला का हो आमचा व्हिडिओ?’, ह्यांचं उत्तर ठरलेलं: ‘होतंय, होतंय.’ सलूनमध्ये तोंडाला फेस लावलेला असताना म्हणालेत. एकदा तर लिफ्टचं दार बंद होत होतं, तेव्हा उरलेल्या फटीतून म्हणालेत.

काम वाईट नाही हं माणसाचं. लग्न, वाढदिवस, शाळेचा समारंभ, दुकानाची जाहिरात, काहीही द्या, कापून जोडून असं करतील की ज्याचं आहे त्याला स्वतःचाच अभिमान वाटावा. उडती अक्षरं, फिरती चित्रं, ते मोशन ग्राफिक्स की काय, तेही छान जमतं. फक्त ह्यांच्या जिभेवर ‘नाही’ हा शब्द ठेवायला देव विसरला. जमणार नाही, झालेलं नाही, येत नाही, यातलं एकही वाक्य तोंडातून बाहेर पडत नाही. आणि अगदीच कुणी मानगुटीवर बसलं तर शेवटचं अस्त्र ठेवलेलं: ‘मशीन ओढत नाही हो.’

ते मशीन, म्हणजे ह्यांचा कम्प्युटर, आमच्या मागच्या खोलीत. खिडकीला काळा पडदा, टेबलावर दोन उंचीचे दोन मॉनिटर, त्यातल्या बुटक्याखाली जुनी टेलिफोन डिरेक्टरी. कॅबिनेटची एक बाजू कायमची उघडी आणि घरातला एकुलता एक टेबलफॅन तिच्याकडे तोंड करून. मी स्वयंपाकघरात घामाने निथळत असले तरी वारा मशीनला. ‘तापतं गं ते’, म्हणे. मी काय थंड राहते?

गंमत अशी, की कोणता कम्प्युटर घ्यावा हे विचारायला लोक ह्यांच्याकडेच येतात. मग बघा कसे खुलतात. ‘कापाकापी करायची असेल तर प्रोसेसर आणि मेमरी आधी बघा. ग्राफिक्स हलवायची असतील तर कार्ड दमदार हवं. फाईली ठेवायला वेगळी डिस्क, प्रोग्रामला वेगळी. आणि मॉनिटर असा घ्या की लाल ते लाल दिसेल, नारिंगी नाही.’ लोक ऐकून जातात आणि चांगली मशीनं घेतात. हे मात्र तिथेच, टेबलफॅनपाशी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. लोकांच्या नाकावर फ्रेम बसवते, अक्षरांचा तक्ता वाचायला लावते. हे सांगते, कारण पुढे जे झालं त्याची सुरुवात माझ्यापासूनच आहे.

ह्यांचे गुरू म्हणजे मास्तर. चौकातल्या स्टुडिओचे मास्तर. हे शाळा सोडून त्यांच्याकडे शिकायला राहिले ते घरचेच झाले, कारण मास्तरांना मूलबाळ नाही. मास्तर प्रेमळ, पण एका बाबतीत कसाई. फोकस. ‘फोकस डोळ्यानं करायचा. बटणावर सोडलास की फोटो बटणाचा, तुझा नाही’, असं म्हणायचे. ह्यांनी काढलेला एक फोटो जरा हलला होता, तर तो मास्तरांनी गिऱ्हाइकासमोर टराटरा फाडला होता. एवढी वर्षं झाली, हे ती गोष्ट सांगताना अजून कान चोळतात.

आणि आमच्या काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी. काळ्यापांढऱ्या फोटोंना हाताने रंग द्यायच्या त्या. काडीला कापसाचा बोळा, बारीक ब्रश, रंगांच्या छोट्या वड्या. ब्रशचं टोक ओठांत धरून टोकदार करायच्या आणि कुणाच्या तरी पणजोबांच्या गालांवर हलकेच लाली चढवायच्या. ‘मेलेल्या माणसाला लाजवायचं काम माझ्याकडे आहे’, असं म्हणून स्वतःच खो खो हसायच्या. रंगीत फोटो आल्यावर ते काम बसलं, पण लोक जुने फोटो घेऊन येतच राहिले आणि काकू खिडकीपाशी दुपारभर बसतच राहिल्या.

मास्तरांच्या मनात आलं, हिच्यावर फिल्म करायची. रोज दुपारी कॅमेरा लावून तिचे हात, तिचे रंग, तिच्या गप्पा टिपायच्या. सुरुवात कशी हवी तेही ठरवलेलं: पडद्यावर काळापांढरा फोटो, त्यावरून ब्रश फिरतोय, आणि जिथे जिथे फिरतोय तिथे रंग चढतोय. शेवटी त्याच ब्रशने तिचं नाव. चित्रीकरण झालं आणि मास्तर हार्डडिस्क घेऊन आमच्याकडे आले. ह्यांच्या हातात देताना म्हणाले, ‘माझं शेवटचं मोठं काम आहे. नीट कर.’

त्या दुपारी हे जेवले नाहीत. मला वाटलं पोट बिघडलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मास्तर आमच्याकडे पाणी प्यायला थांबले, आणि पेला ठेवला तो टेबलाच्या शेजारी. म्हणजे हवेत. फुटला. माझ्या धंद्याला जागून मी विचारलं, ‘मास्तर, दिव्याभोवती वलय दिसतं का?’ म्हणाले, ‘ते तर सगळ्यांनाच दिसतं.’ म्हटलं, चला. धरून नेलं डॉक्टरकडे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेले. ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा काकूंकडे बघून म्हणाले, ‘अगं, तुझे केस पांढरे कधी झाले?’ काकू म्हणाल्या, ‘तुम्ही बघत नव्हता तेव्हा.’ मी धन्य झाले. वाटलं, आपल्या हातून एक पुण्याचं काम झालं.

नवे डोळे घेऊन मास्तर पहिले आमच्याकडे आले. ‘दाखव रे, कुठवर आलंय.’ ह्यांनी नाइलाजाने एक तुकडा चालवला. मी मागे उभी होते. पडद्यावर काकू खिडकीपाशी बसलेल्या, आणि सगळं कसं धुक्यातून बघावं तसं. मास्तर खुर्चीतून पुढे वाकले.

‘अरे, हे असं धूसर का दिसतंय?’

ह्यांनी तुकडा थांबवला. मग म्हणाले, ‘मास्तर, ही हलकी कॉपी आहे. मूळ फाईल जड. माझं मशीन ओढत नाही.’

आता ही पद्धत खरी आहे, ह्यांच्या धंद्यात सगळे करतात. मूळ चित्रीकरण साध्या मशीनवर अडखळत चालतं, म्हणून त्याची एक हलकी, जरा अंधुक नक्कल करायची, सगळी कापाकापी तिच्यावर करायची आणि शेवटी तिच्या जागी मूळ फाईल जोडायची. शिंपी आधी जुन्या कापडावर बेतून बघतो, तसं. पद्धत खरी, पण ह्यांचं बोलणं खोटं. मला तेव्हा माहीत नव्हतं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, मला कोडी घालायची हौस नाही. मूळ फाईलही तशीच धूसर होती. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी मास्तरांनी सगळा फोकस चुकवला होता. काकूंच्या मागच्या भिंतीवरचा खिळा लख्ख, आणि काकू धुक्यात. एक तुकडा नाही, सगळेच्या सगळे.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. हसले सुद्धा. ‘असं होय! मला वाटलं माझाच हात गेला. अरे मग मशीन घे की चांगलं!’

आणि सुरू झाली आमची मशीनशोध मोहीम.

सुट्टीच्या दिवशी मी आणि हे दुकानं पालथी घालायचो. एका ठिकाणी सगळं पसंत पडलं, तर म्हणे मेमरी पुढे वाढवायला जागा नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणे कार्ड खेळ खेळायला चांगलं, आपल्या प्रोग्रामला मानवत नाही. तिसऱ्या ठिकाणी काचेचं कॅबिनेट, आत लाल निळे दिवे नाचतायत. म्हणे ह्या उजेडात मला रंग कसे कळणार? ते मलाही पटलं, कम्प्युटर आहे की जत्रेतला पाळणा! पण चौथ्या ठिकाणी काही म्हणजे काही खोट नव्हती. तर म्हणाले, ‘नवीन कार्ड येणार आहे बाजारात, जरा थांबू.’

‘अहो, नवीन कायमच येणार असतं! आजचं दूध उद्याच्या म्हशीसाठी सोडायचं का?’

‘बघतोय ना. होतंय.’

‘नाचता येईना अंगण वाकडं, हेच खरं’, मी म्हटलं. रस्त्यात, चार लोकांसमोर. एरवी टोमण्याला टोमणा देणारा माणूस, मान खाली घालून चालत राहिला. मला वाटलं, जिरवली. काय जिरवली, कपाळ माझं.

काकू दिसल्या की विचारायच्या, ‘काय रे होतंय, मला एक बोळा आणि एक ब्रश पुरला, तुला आख्खं कपाट लागतंय?’ हे हसून पाय काढता घ्यायचे. काकू रोज दुपारी खिडकीपाशी बसलेल्या असायच्या, ब्रश ओठांत धरून. मास्तर समोर पेपर वाचत. चष्मा न लावता वाचत होते ते आता, आणि येणाऱ्या जाणाऱ्याला ते वाचून दाखवत होते.

मग काकूंना ताप आला. साधा वाटला, छातीत उतरला. दवाखान्यात नेलं ते चालवत नेलं, आणि त्या परत आल्याच नाहीत.

मास्तरांच्या घरी खिडकीपाशी टेबल तसंच राहिलं. पेल्यात ब्रश उभे, अर्धवट रंगवलेल्या एका बाईचा फोटो, एक गाल गुलाबी आणि एक राखी. मास्तर कुणाला त्याला हात लावू देईनात. आणि एके दिवशी सकाळी आमच्या दारात. ‘आता थांबू नकोस रे. मला ती बघायचीय. नीट बघायचीय. मी येतो बरोबर, आपण मशीन घेऊनच येऊ.’ हे म्हणाले, ‘हो मास्तर.’

मास्तर गेले आणि हे मागच्या खोलीत जाऊन बसले. मी आत गेले तर पडदा ओढलेला, मशीन बंद, आणि हे त्या बंद मॉनिटरकडे बघतायत. तिथे मला सगळं सांगितलं. खिळ्याचं, धुक्याचं, पहिल्या दिवशी न जेवल्याचं.

‘अहो, मग बोलला का नाहीत?’

‘कसं बोलू? फोकस गेला म्हणून माझा फोटो फाडणारा माणूस तो. त्याला मी सांगू, मास्तर तुमचा फोकस गेला?’

‘मग सोडवणार कसं होतात?’

‘वाटलं, काहीतरी होईल.’

काहीतरी होईल! माझा संताप संताप झाला. आणि संताप तरी कुणावर काढू? मीच रस्त्यात अंगण वाकडं म्हणाले होते ह्यांना. ‘उठा’, मी म्हटलं, ‘आत्ताच्या आत्ता जा आणि सांगून या. दुकानात कळायच्या आधी तुमच्या तोंडून कळू दे.’

‘सांगतो.’

‘होतंय म्हणू नका!’

‘सांगतो म्हटलं ना.’

गेले. परत आले ते पडलेल्या तोंडाने. ‘सांगितलंत?’ तर म्हणे, ‘दार उघडल्या उघडल्या म्हणाले, बरं झालं आलास, दाढी करून तयारच बसलोय, चल.’ आणि मास्तर ह्यांच्या मागोमाग जिन्यात उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात मूळ चित्रीकरणाची स्वतःकडे जपलेली दुसरी हार्डडिस्क, रुमालात गुंडाळलेली. काय बोलणार? मी चपला घातल्या आणि निघाले. ह्यांना एकटं सोडायचा धीर झाला नाही.

दुकान एका बाईंचं. स्वतः मशीन जोडतात, खिशात पेचकस, कपाळावर घामाचे थेंब आणि बोलणं तडतड. मास्तरांनी काय हवं ते सांगितलं. बाई म्हणाल्या, ‘कागदावरचे आकडे मला सांगू नका, तुमचंच काम आणलंय ना? तेच चालवून बघू. माझ्याकडची पद्धतच आहे ती. ज्याचं जड काम त्याने इथे आणायचं, चाललं तर न्यायचं.’

मी ह्यांच्याकडे बघितलं. आता बोला, आता तरी बोला, असं डोळ्यांनी किती वेळा सांगितलं. हे त्या पेचकसाकडे बघत होते.

बाईंनी डिस्क जोडली. मोठा मॉनिटर, स्वच्छ रंग. पडद्यावर काकू आल्या. ब्रश ओठांत, मान जरा वाकडी, खिडकीचा उजेड. आवाज तर इतका स्पष्ट की माझ्या अंगावर काटा आला. ‘गालाचा रंग शेवटी लावायचा बरं का, घाई केली की माणूस दारू प्यायल्यासारखा दिसतो’, काकू सांगत होत्या. आणि चेहरा धुक्यात.

‘बघा!’ बाई खुशीत म्हणाल्या, ‘एक फ्रेम सुटत नाही. लोण्यासारखं चाललंय.’

मास्तर पुढे वाकले. ‘बाई, ही हलकी कॉपी लावलीत. मूळ लावा.’

‘मूळच आहे ही काका. हलकी कॉपी नाहीच ह्या डिस्कवर.’

‘मग धूसर का?’

बाईंनी चित्र मोठं केलं. सरकवत सरकवत मागच्या भिंतीवर नेलं. खिळा दिसला, त्याचा गंज दिसला, खिळ्याला अडकलेला दोरा दिसला. ‘फोकस मागे गेलाय हो. कुणी काढलंय हे? अशाला मशीन काय करणार?’ असं म्हणाल्या आणि आमच्या तिघांचे चेहरे बघून त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. पेचकस खिशात घालून त्या आत निघून गेल्या.

मास्तर खिळ्याकडे बघत राहिले. फाडायला समोर कागद नव्हता. मला वाटलं आता ह्यांच्या थोबाडीत देतात, आणि खरं सांगते, द्यावी असं मला वाटत होतं. म्हणजे संपलं तरी असतं.

‘तुला कधी कळलं?’ त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

‘पहिल्याच दिवशी.’

‘माझ्या ऑपरेशनच्या आधी.’

‘हो.’

मास्तरांनी माऊस धरला आणि चित्र खिळ्यावरून परत काकूंवर आणलं. पडद्यावर काकू थांबलेल्या होत्या. मग ते म्हणाले, ‘पट्टी निघाली तेव्हा ती होती रे. रोज दुपारी माझ्या समोर बसत होती. मला दिसत होतं. तू एक शब्द बोलला असतास, तर मी पुन्हा काढलं असतं.’

एवढंच. मला इतकी लाज वाटली की मी समोरच्या खोक्यावरची अक्षरं वाचत बसले, जशी माझ्या दुकानात लोक तक्ता वाचतात तशी, एकेक. पुन्हा काढता आलं असतं, हे मला सुचलंच नव्हतं. एवढ्या दुकानांत हिंडलो, एवढे टोमणे मारले, आणि कॅमेरा, काकू, डोळे, सगळं जागच्या जागी असताना आम्ही मेमरी आणि कार्डाच्या गप्पा मारत होतो.

मास्तर उठले. आत वाकून बाईंना म्हणाले, ‘मशीन चांगलं आहे. बांधून द्या ह्याला. पुढच्या वेळी मशीनचं नाव निघायला नको.’

घरी येताना मास्तर पुढे, खोकं छातीशी धरून हे मागे आणि त्यांच्या मागे मी. सलूनवाल्याने दारातून हाक मारली, ‘काय हो होतंय, नवीन मशीन? आता काय, आता सगळं सुसाट!’ हे हसायला गेले आणि हसणं निम्म्यातच राहिलं. मास्तरांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांच्या घराच्या वळणावर थांबले आणि ह्यांना म्हणाले, ‘फिल्म कर. जे आहे तेच लाव, धूसर तर धूसर. झाकायचं नाही. शेवटी लिही, चित्रीकरण अमुक, म्हणजे मी. आणि संकलन तमुक, म्हणजे तू. कुणी काय केलं ते दिसू दे.’

मशीन बसलं. कॅबिनेट बंद, आवाज नाही, टेबलफॅन माझ्याकडे आला. ह्यांनी फिल्म केली, आणि मी म्हणते म्हणून नाही, सुरुवात अशी झालीय की बघत राहावं. काळापांढरा फोटो, ब्रश फिरतो, मागून रंग चढत जातो, आणि काकूंचा आवाज. मग काकू, धुक्यात. शेवटी मास्तरांचं नाव येतं, चित्रीकरणाखाली. त्याच्या पुढची ओळ रिकामी आहे. रोज सकाळी हे तिथे येऊन थांबतात, ‘संकलन’ लिहितात, पुढे काही उमटत नाही, पुसतात.

काल मास्तर आले. आत आले नाहीत, दारातूनच विचारलं, ‘झालं का रे?’

मी पदराला हात पुसत बाहेर आले. म्हटलं आता येणार तो शब्द. हे खुर्चीतून उठले, दारापर्यंत गेले आणि मास्तरांच्या समोर उभे राहिले.

‘नाही मास्तर’, म्हणाले. ‘मशीन चांगलं आहे. माझाच हात धजत नाही.’

मास्तरांनी मान हलवली, आणि चपला न काढता उंबऱ्यावरच वाट बघत बसले.